मेणाचा कान

माझा बाप माझ्या डाव्या बाजूला कधी बसत नाही. रिक्षात तो आधी चढतो आणि सरकत उजव्या कडेला जातो, मग मी बसायचं. लग्नाच्या पंगतीत माझ्या उजवीकडे कुणी बसलेलं असलं तर त्या माणसाला तो उठवतो, मग तो नवऱ्या मुलाचा मामा का असेना. रस्त्याने चालताना मी चुकून बाजू बदलली तर हा मागून वळसा घालून परत उजवीकडे हजर. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण वळसा चुकत नाही. माझा डावा कान पूर्ण बहिरा आहे, आणि तो आपण आपल्या हाताने घालवला असं बाबा चाळीस वर्षांहून जास्त काळ समजत होता. तोच काय, घरातले आम्ही सगळेच तसं समजत होतो.

आम्ही नवघरचे जुने. आज जिथे बिल्डिंगांच्या पार्किंगमध्ये गाड्या उभ्या असतात तिथे आमची भातशेती होती आणि त्यापुढे खाडीपर्यंत मिठागर. बाबा आगरात कामाला होता. मी त्याला "तू" म्हणते, आमच्या घरात बापाला अहो-जाहो करायची पद्धत नाही. शाळेत मी मुलांना आदरार्थी बहुवचन शिकवते आणि घरी येऊन "ए बाबा, जेवलास का?" विचारते. माझ्या सासरच्यांना याचा धक्का बसला होता, पण सवय झाली त्यांना.

तर मी सहा वर्षांची असेन. दुपारी आई बाबाचं जेवण घेऊन आगरात निघाली आणि मी तिच्या मागे लागून गेले. भरतीची वेळ होती. उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आगरात घ्यायचा लाकडी दरवाजा, वर ओढलेली होती आणि पाणी धाडधाड आत येत होतं. आई सावलीला डबा सोडत बसली आणि मी बांधावर खेळायला गेले. बाबाने मला लांबून बघितलं आणि हाक मारली, "बाय, हिकडं ये." मी हाक ऐकली आणि पळाले. त्याच्याकडे नाही, उघाडीकडे. त्याने आणखी मोठ्याने हाक मारली, मी आणखी जोरात पळाले. शेवटी त्यानेच धावत येऊन पाण्यापासून दोन पावलांवर मला धरलं आणि उजव्या हाताने माझ्या डाव्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की मी बांधावर बसलेच. बाप हाका मारतोय आणि पोरगी त्याला वेडावून दाखवत उलट्या दिशेला पळतेय, असंच दिसलं असणार ते.

त्यानंतर काही महिन्यांनी वाण्याच्या दुकानात आमच्यासाठी मावशीचा फोन आला. आईने रिसीव्हर माझ्या डाव्या कानाला लावला. मी म्हटलं, "यात कुणीच नाही." तिने उजव्या कानाला लावला, तर मावशी बोलत होती. आईने पुन्हा डाव्याला लावला, पुन्हा उजव्याला, आणि मग तिचा चेहरा जो उतरला तो मला आजही दिसतो. भाईंदरच्या डॉक्टरांनी कान तपासला आणि विचारलं, "मारबिर लागला होता का?" आईने काही म्हणायच्या आधी बाबाच म्हणाला, "मी मारली." डॉक्टरांनी नुसती मान हलवली, आणि तेवढ्यावर आमच्या घरातला निकाल लागला.

त्या दिवसापासून बाबाने कानाला खडा लावला. पुन्हा कधी कुणावर हात उचलला नाही, घरात नाही आणि बाहेरही नाही. आई मात्र सोडायची नाही. भांडण कशावरूनही सुरू होवो, आमटी खारट झाल्यावरून का असेना, शेवट ठरलेला असायचा, "पोरीचा कान घालवलास." की बाबा गप्प. आई गेली तेव्हा त्याला हे ऐकवणारंही कुणी उरलं नाही, आणि मला वाटतं त्याला त्याचीही सवय झालेली होती.

आणि मी काय कमी होते? लाज सोडून सांगते, त्या एका थपडेचं मी आयुष्यभर भांडवल केलं. शाळेची सहल, नवी सायकल, कॉलेजात मुंबईला जाणं, सगळं त्या कानावर पास झालं. वाद वाढला की मी काही बोलायचे नाही. सावकाश वळून डावी बाजू त्याच्याकडे करायचे. बस, बाबाचा आवाज बसायचा. जातीबाहेरचा मुलगा पसंत केला तेव्हा सगळी भावकी उभी राहून ओरडत होती, आणि मी मधोमध बापाकडे डावा कान करून बसले होते. "करू दे तिला," एवढंच तो म्हणाला. आता आठवलं की माझीच मला चीड येते.

सप्टेंबरात टेकडीवरच्या माउलीची जत्रा भरते. माउली ख्रिस्ती लोकांची, पण आमच्याकडचे आगरी-कोळी तिला परकी मानत नाहीत. गावदेवी आमची आणि नवसाला माउलीही आमचीच. तिथे जत्रेत मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ घेऊन वाहायचं. बाबा दर वर्षी मेणाचा कान वाहायचा. पहिल्या वर्षी तो दुकानवालीशी हुज्जत घालत बसला, कारण त्याला डावाच कान हवा होता. ती वैतागून म्हणाली, "अरे दादा, कान म्हणजे कान. डावा-उजवा माउली बघून घेईल." तरी त्याने सगळी परडी उपसून त्यातल्या त्यात डावा वाटेल असा कान काढलाच. पुढे ती बाई त्याला ओळखायला लागली आणि त्याच्यासाठी एक बाजूला काढून ठेवायची. मी मोठी झाल्यावर त्याला चिडवायचे, "बाबा, तिच्याकडे आता माझे चाळीस कान झाले, एक तरी परत माग की." तो हसायचा नाही.

एक कान बंद असला की ऐकू कमी येतं असं लोकांना वाटतं. तसं येतंच, पण खरी पंचाईत वेगळी आहे. आवाज कुठून आला तेच कळत नाही. घरात मोबाईल वाजला की मी सगळ्या खोल्या फिरते आणि तो शेवटी माझ्याच पर्समध्ये सापडतो. सगळे आवाज मला उजवीकडूनच आल्यासारखे वाटतात, कारण ऐकणारा कान तिकडेच आहे. हाटकेशच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथल्या पोरांनी हे पहिल्याच वर्षी हेरलं. एकदा वर्गात कुणीतरी शिट्टी वाजवली. मी उजवीकडच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं आणि चांगलं झाडलं. ती रडत म्हणत राहिली, "मी नाही टीचर." मला वाटलं, वर तोंड करून खोटं बोलतेय. मधल्या सुट्टीत कळलं की शिट्टी डावीकडच्या खिडकीतून वाजली होती. मी वर्गासमोर तिची माफी मागितली आणि तेव्हापासून नुसत्या आवाजावरून कुणाला उभं करत नाही.

गेल्या वर्षी मला चक्कर यायला लागली. मीरा रोडच्या कानाच्या डॉक्टरांनी चक्करेवर गोळ्या दिल्या, पण बहिऱ्या कानाचा एमआरआय काढून घ्या म्हणाले आणि मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई एका कानाने बहिऱ्या असलेल्या लोकांच्या ऐकण्याच्या नसेचा अभ्यास करत होत्या. माझे स्कॅन त्यांच्या अभ्यासात वापरले तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वापरा, नाहीतरी हा कान आजवर कुणाच्या उपयोगाला आलेला नाही.

बाबा हट्टाने बरोबर आला होता. बाकावर अर्थातच माझ्या उजवीकडे बसला. मराठीतला फॉर्म होता आणि मी तो भरत होते. एका ओळीत लिहिलं होतं, "बहिरेपणा कधीपासून? कारण माहीत असल्यास लिहा." माझा पेन थांबला. मी हळूच शेजारी बघितलं तर बाबा चष्मा लावून तीच ओळ वाचत होता. त्याचं वाचन सावकाश, ओठ हलवत चालतं, त्यामुळे कुठल्या शब्दावर पोचलाय तेही मला दिसत होतं. मी पान उलटायला गेले तर त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "लिव. खरं हाय ते लिव." मी लिहिलं, "सहाव्या वर्षी वडिलांनी मारल्यामुळे." माझं अक्षर इतकं वाईट कधीच आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई फॉर्म घ्यायला आल्या तेव्हा तो उभा राहिला. "बाय, या फोटोत कलंल का, माज्या मारानं गेला का तिचा कान?" त्यांनी फॉर्मवरची ती ओळ वाचली. मग म्हणाल्या, "कळू शकतं, आजोबा. नेहमी कळतंच असं नाही." तो म्हणाला, "कललं तर सांगा. काय असंल ते सांगा." चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, आणि त्याने हा प्रश्न कुणाला विचारल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मशीनमध्ये जाताना अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, कानातली, सगळं मी बाबाच्या रुमालात दिलं. आतल्या माणसाने कानात घालायला दोन बोळे दिले. मी एक परत केला, म्हटलं, एवढा एकच पुरे. त्याला विनोद कळला नाही, त्याने दोन्ही घालायला लावले. मग त्या नळीत पडून मी अर्धा-पाऊण तास ठोकाठोक ऐकली, काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये ट्रकचा पत्रा ठोकतात तशी. बाहेर आले तर बाबा दाराशीच उभा. रुमालाची गाठ त्याने इतकी आवळली होती की सोडायला आम्ही दोघं लागलो.

रिपोर्ट बघायला मी मुद्दाम एकटी गेले. मनाशी पक्कं ठरवलं होतं, मारामुळेच असं निघालं तर बाबाला सरळ खोटं सांगायचं. इतकी वर्षं त्याच्यावर चढून बसले, आता म्हातारपणी तरी उतरू दे.

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर एक पांढरा गोल दाखवला. कानापासून मेंदूकडे हाडातून एक बोगदा जातो, त्याचा हा आडवा काप, म्हणाल्या. गोलात तिळाएवढे चार काळे ठिपके होते. एक चेहऱ्याची नस, दोन तोल सांभाळणाऱ्या आणि एक ऐकण्याची. हा उजवा कान. मग त्यांनी डावा दाखवला. गोल लहान होता आणि त्यात ठिपके तीनच होते.

"चौथा कुठे गेला?" मी विचारलं.

"गेला नाही," त्या म्हणाल्या. "तो आलाच नव्हता. मूल पोटात असताना या नसेभोवती हाड वाढतं आणि तिच्यापुरती वाट ठेवतं. तुमची नसच तयार झाली नाही, म्हणून ती वाटही अरुंद राहिली. मारामुळे पडदा फाटू शकतो, आतल्या कानाला इजाही होऊ शकते. पण मार बसून असं चित्र होत नाही. हा कान जन्मापासून असाच आहे." लहान मुलांमध्ये नस आहे की नाही हे आधी कळलं तर कुणाला यंत्राचा उपयोग होईल आणि कुणाला नाही ते सांगता येतं, म्हणून आम्ही असे कान बघतोय, असंही त्या म्हणाल्या. मी मान हलवत होते, पण माझं लक्ष त्या तीन ठिपक्यांवर होतं. निघताना मी फॉर्म मागून घेतला. वडिलांवरची ओळ खोडली आणि वर लिहिलं, "जन्मतः."

परतताना काशीमीऱ्याला उतरले. डोक्यात एकच चाललं होतं, बाबाला कधी सांगते. मागून हॉर्न वाजला आणि मी पटकन बाजूला उडी मारली ती थेट रिक्षासमोर. रिक्षावाल्याने कचकचून ब्रेक मारला. "अरे मॅडम, किधर भाग रही हो? मैं इधर से बजा रहा हूँ और आप मेरे ही सामने आ रही हो?"

मी सॉरी म्हटलं आणि कडेला जाऊन उभी राहिले, आणि तिथे, त्या ट्रकांच्या धुरात, मला आगरातली ती दुपार दिसली. बाबा डावीकडे होता. उघाडी उजवीकडे होती. हाक मला उजवीकडून आली. मी त्याला वेडावत नव्हते, त्याच्यापासून पळतही नव्हते. बाबा तिकडे आहे असं वाटून मी बाबाकडेच धावत होते. त्याने जितक्या मोठ्याने हाक मारली तितक्या जोरात धावत होते. मार बसला म्हणून मी बहिरी झाले नव्हते, बहिरी होते म्हणून मार बसला होता. मला भर रस्त्यात रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही.

तशीच नवघरला गेले. बाबा जमिनीवर पेपर पसरून जवळा निवडत बसला होता. मी त्याच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं, नस जन्मतःच नाही, मारामुळे नाही. त्याने मान वर केली. "मला बरं वाटावं म्हनून सांगत न्हाय ना?" बाप आहे शेवटी, लेकीला ओळखतो. मी स्कॅनची फिल्म काढून खिडकीसमोर धरली. त्याने चष्मा लावला आणि दोन्हीकडचे ठिपके बोट ठेवून बघितले. मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे वळून म्हणाला, "आयकलंस?" इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा उलट उत्तर दिलं. मी हसले, तोही हसला.

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. रिक्षाचं सांगितलं, हाक कुठून ऐकू आली ते सांगितलं, आणि म्हटलं, "बाबा, मी तुझ्याकडेच येत होते रे."

जवळा निवडणारा त्याचा हात थांबला. मग म्हणाला, "मंग मी तुला मारली कशाला?"

"पाणी होतं ना पुढे. घाबरलास तू."

"घाबरलो ते खरं हाय," तो म्हणाला. "पन तू माज्याकडंच येत होतीस." आणि हात धुवायला उठून गेला. मोरीतला नळ खूप वेळ चालू होता. मी बाहेर बसून स्वतःला शिव्या घालत होते. एक गुन्हा मी त्याच्या डोक्यावरून उतरवला होता आणि त्याच दमात दुसरा चढवला होता.

सप्टेंबर आला. मला वाटलं, यंदा जत्रेला जायचं कारण उरलं नाही. पण त्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार. मी म्हटलं, "आता कशाला? कान जन्माचाच तसा आहे, माउली तरी काय करणार?" तो म्हणाला, "जायचं."

टेकडीवर नेहमीसारखी गर्दी होती. दुकानवालीच्या जागी आता तिची सून बसते. बाबाला बघून तिने बाजूला काढून ठेवलेला कान उचलला आणि पुढे केला. बाबाने तो घेतला नाही.

"आज कान नको," तो म्हणाला. "हात दे. उजवा."

तिला काही फरक पडत नव्हता, तिने परडीतून हात काढून दिला. बाबाने तो उलटसुलट करून बघितला, अंगठा कुठल्या बाजूला आहे ते तपासलं आणि मगच पुढे निघाला. हात वाहिला तेव्हा तो डोळे मिटून उभा होता आणि मी त्याच्या मागे उभी होते.

उतरताना तो सवयीने माझ्या उजवीकडे आला. तसं चाललं की माझ्या बाजूला त्याचा डावा हात येतो. आम्ही आयुष्यभर असेच चाललो, त्यामुळे मोठेपणी त्याचा उजवा हात मी कधी हातात घेतलाच नव्हता. मी थांबले, मागून वळसा घातला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तो हात धरला. मिठाने चिरलेला तळवा अजून तसाच खरखरीत आहे.

तो लगेच गडबडला, हात सोडवून फिरायला लागला. मी मान पूर्ण वळवून त्याच्या तोंडाकडे बघितलं, तेव्हा कळलं तो काय म्हणतोय ते. "बाय, ही तुजी बहिरी बाजू हाय."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "हात सोडू नको, पायऱ्या आहेत."